खेळायचे तास कामाच्या तासांत धरा

गेम्सवर अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकाला लोक ऐकवतात ते वाक्य ठरलेलं असतं, काय मज्जा आहे तुमची, खेळायचा पगार मिळतो. मी साहित्य आणि संस्कृतीच्या अंगाने व्हिडिओ गेम्स शिकवते, आणि हे वाक्य बहुतेक वेळा कौतुकानेच म्हटलेलं असतं, त्यामुळे राग वगैरे येत नाही. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते आणि तिची किंमत शेवटी घरातून जाते. खेळणं म्हणजे मजा, मजा म्हणजे काम नव्हे, आणि जे काम नव्हे ते ऑफिसच्या वेळेत कशाला करायचं? मग ते होतं रात्री सगळे झोपल्यावर, रविवारी, सुट्टीत, म्हणजे जो वेळ घरच्यांचा होता, झोपेचा होता, किंवा नुसतं काही न करता बसायचा होता त्यात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. विद्यापीठांनी गेम खेळण्याचे तास संशोधनाचे तास म्हणून वर्कलोडच्या कागदावर धरले पाहिजेत, उघडपणे, आकड्यात. ते होत नाही तोवर 'वेळेचं नियोजन करा', 'घरात काम आणू नका', 'स्वतःसाठी वेळ काढा' हे सल्ले आमच्या बाबतीत हवेत विरतात. जे काम कुठे मोजलंच जात नाही ते संपत नाही, कारण ते आजच्यापुरतं संपलं असं म्हणायला काही खूणच नसते. आठ तासांच्या दिवसाची मागणी एकोणिसाव्या शतकात कामगारांनी लावून धरली आणि १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी ती मान्य केली, तेव्हा मुळात भांडण याचंच होतं की काम कुठे संपतं हे कोणी ठरवायचं. आमच्याकडे ते अजून सुरूही झालेलं नाही, कारण काम कुठे सुरू होतं हेच मान्य नाही.

आता खेळायची गरजच काय, असं विचारणारे लोक विद्यापीठातच भेटतात. कंप्युटर गेम्सच्या अभ्यासाला स्वतंत्र विषय म्हणून उभं करण्यात एस्पेन आर्सेथ यांचा मोठा वाटा आहे, २००१ मध्ये 'गेम स्टडीज' हे ऑनलाइन जर्नल निघालं तेव्हा पहिल्या अंकात त्यांनी त्या वर्षाला या विषयाचं पहिलं वर्ष म्हटलं होतं. मग २००३ मध्ये त्यांनी गेमचं विश्लेषण कसं करायचं यावर एक निबंध लिहिला. गेम समजून घ्यायचे रस्ते तीन, त्याची रचना आणि नियम तपासा, दुसऱ्यांना खेळताना बघा, नाहीतर स्वतः खेळा, आणि स्वतः न खेळता लिहायला बसलात तर गंभीर गैरसमज होण्याचा धोका आहे असं त्यांनी स्पष्ट मांडलं. पुढे जाऊन खेळण्याचे सात थर पण सांगितले. वरवर चाळणं, थोडंफार खेळणं, अर्धाअधिक पुरा करणं, पूर्ण संपवणं, परत परत खेळणं, तज्ज्ञासारखं खेळणं आणि सगळ्यात वर, आधी कोणाला न सुचलेले डावपेच शोधून खेळणं. हे लिहून झाल्याला वीसहून जास्त वर्षं झाली, विषयात सगळ्यांना माहितीये, आणि तरी मी आजवर पाहिलेल्या वर्कलोडच्या एकाही फॉर्मवर या सात थरांना एक ओळसुद्धा नाही. फॉर्मवर पेपर आहे, पुस्तक आहे, कॉन्फरन्स आहे, कमिटी आहे. ज्याच्या जोरावर तो पेपर लिहिला जातो ते खेळणं कुठेच नाही.

एक गेम जवळून बघू म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल. लुकस पोप यांचा 'पेपर्स, प्लीज', २०१३ चा. साल १९८२, एक काल्पनिक देश, तुम्ही सीमेवरच्या चौकीत बसून कागदपत्रं तपासणारे. जेवढी माणसं बरोबर तपासाल तेवढा पगार. दिवस संपला की हिशोबाचा पडदा येतो, भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, घरात कोणी आजारी असलं तर औषध, आणि पैसे कमी पडले की कशावर काट मारायची ते तुम्हीच ठरवायचं. गेमला वीस शेवट आहेत. यावर लिहायचं तर एकदा खेळून भागत नाही. नियम काटेकोर पाळले तर घरच्यांचं काय होतं, लाच घेतली तर काय, दया दाखवून चुकीचे कागद असलेल्याला सोडलं तर दंड कधी बसतो, हे समजायला त्याच चौकीत परत परत बसावं लागतं. आणि दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. छोट्याशा टेबलावर पासपोर्ट, परवाना, ओळखपत्र सरकवत राहायचं, जागा पुरत नाही, घड्याळ पळतंय, रांग संपत नाहीये, आणि एका क्षणी तुमच्या लक्षात येतं की आपण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून फक्त तारखा जुळवतोय. ती जी घाई हाताला आणि डोळ्याला होते त्यातूनच हा गेम आपलं म्हणणं मांडतो. दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ बघून ते कळत नाही, कारण बघताना तुमच्यावर घाईच नसते. त्यामुळे 'यूट्यूबवर बघून घे ना' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच असतं, की हो, बघते, तेही लागतं, पण त्याने खेळणं वाचत नाही, वर बघायचे तास वाढतात.

मी अभ्यासासाठी खेळते तेव्हा शेजारी वही असते. डावीकडे वेळ आणि सेव्हचं, म्हणजे गेम जिथे साठवून ठेवला त्या टप्प्याचं, नाव, उजवीकडे काय निवडलं आणि का. दर काही मिनिटांनी थांबायचं, लिहायचं, स्क्रीनशॉट घ्यायचा, मग मागचा सेव्ह उघडून तोच प्रसंग परत, या वेळी दुसरं उत्तर देऊन, कधी मुद्दाम वाईट वागून, कधी काहीच न करता नुसतं उभं राहून, कारण गेम वाट बघतो का पुढे ढकलतो हेही बघायचं असतं. या पद्धतीने तासाभराच्या भागाला तीन तास सहज जातात आणि त्यात मजेचा वाटा बदलता असतो, कधी खूप, कधी शून्य.

इथे माझे इतर विभागांतले मित्र म्हणतात की अगं आम्ही पण कादंबऱ्या घरीच वाचतो, सिनेमे घरीच बघतो, तुमचं एवढं वेगळं काय. बरोबर आहे, आणि माझी मागणी मान्य झाली तर त्यांचे वाचनाचे तासही धरले जावेत असंच मला वाटतं. पण काही फरक खरे आहेत. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो आणि केव्हा संपणार हे सुरू होण्याआधी माहीत असतं. कादंबरी जाडजूड असली तरी शेवटचं प्रकरण आधी उघडता येतं, कंटाळवाणी पानं चाळता येतात. गेम तसं करू देत नाही, पुढचं दार उघडायला आधीचा अडथळा पार करायलाच लागतो आणि तो किती वेळात पार होईल हे तुमच्या हातात नसतं. 'पर्सोना ५' सारखा गेम एकदा नीट संपवायला शंभरेक तास जातात. तेही एकदाच, म्हणजे आर्सेथ यांच्या यादीत फक्त चौथा थर. एखाद्या सेमिस्टरमध्ये शिकवून, पेपर तपासून, मीटिंगा करून हे शंभर तास कुठून आले असतील याचा विचार डिपार्टमेंटमध्ये कोणी करत नाही, पण ज्यांच्या घरातून ते गेले त्यांना बरोबर माहीत असतं.

ऑनलाइन गेम्सचं तर आणखी वेगळं. २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला तेव्हाच्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं लागायची, एकाच वेळी, ठरलेल्या दिवशी. टी. एल. टेलर यांचं 'एव्हरक्वेस्ट'वरचं २००६ चं पुस्तक किंवा बॉनी नार्डी यांचं वॉरक्राफ्टवरचं २०१० चं, ही कामं त्या जगात राहून, तिथल्या लोकांबरोबर खेळून झालेली आहेत. आता विचार करा, ही चाळीस माणसं एकत्र कधी येणार? त्यांची नोकरी, कॉलेज सुटल्यावर. म्हणजे अभ्यासकाची कामाची वेळ ही बाकी सगळ्या जगाच्या फुरसतीची वेळ असते, आणि त्या जगात तिच्या स्वतःच्या घरचे लोकही आले. नवरा, मुलं, आईवडील, मित्र, सगळे मोकळे होतात नेमके तेव्हाच ही कामाला लागते. हे काही तिच्या नियोजनातलं अपयश नाही, अभ्यासाचा विषयच त्या वेळेला जिवंत असतो.

मानववंशशास्त्राचा प्राध्यापक फील्डवर्कला जातो, पुरातत्त्वाचा माणूस उत्खननाला जातो, तेव्हा त्याची रजा मंजूर होते, खर्च मिळतो, त्या काळात त्याला लेक्चर लावत नाहीत, आणि घरचेही मनाची तयारी करतात की आता हा महिनाभर इथे नाही. माझं फील्ड हॉलमधल्या सोफ्यावर आहे. मी गेलेली दिसत नाही म्हणून मी घरी आहे असं सगळे समजतात, आणि माझ्या मते या व्यवसायात घरातली जी कटकट होते तिचं मूळ इथे आहे. शरीराने हजर, लक्षाने गैरहजर. पुस्तक हातात असलं तर आमच्या घरी कोणी विचारत नाही, कंट्रोलर हातात असला की माझी मुलगी विचारते, आई, काम करतीयेस का खेळतीयेस? आणि तिचं काही चुकत नाही, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. 'डार्क सोल्स'सारख्या गेममध्ये पॉजच नाही, मेन्यू उघडला तरी शत्रू चालतच राहतात, आणि हा त्याच्या डिझाइनचाच भाग आहे, त्यावर लिहायचं तर ते अनुभवावंच लागतं. पण पलीकडच्या खोलीतून हाक आली की त्या डिझाइनचा फटका मुलीला बसतो, 'थांब, दोन मिनिटं' हे वाक्य ऐकत. माझी ती वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक अशी कामाच्या टाइमटेबलमध्ये असती, ऑफिसात कन्सोल असता, तर ही हाक आणि तो शत्रू एका वेळी समोर आलेच नसते. एवढी साधी गोष्ट आहे ही, एक स्क्रीन, एक कन्सोल, दाराला कडी, आणि ते दोन तास कोणी मीटिंग लावणार नाही याची खात्री.

मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की आमच्याच विषयाने हा प्रश्न दुसऱ्यांच्या बाबतीत फार चांगला ओळखलाय. ज्युलियन क्यूक्लिश यांनी २००५ मध्ये 'प्लेबर' हा शब्द वापरला, गेम्समध्ये आपणहून बदल करणाऱ्या, नवे भाग बनवणाऱ्या हौशी लोकांबद्दल. त्यांच्या मेहनतीतून कंपन्यांना फायदा होतो, पण ती हौस आहे, खेळ आहे असं म्हटलं की तिला श्रम म्हणून मोल द्यायची गरज उरत नाही. आम्ही हे वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, मुलं छान उत्तरं लिहितात. आणि मग त्याच वर्गातली एखादी पीएचडीला येते, दिवसा तासिका तत्त्वावर शिकवते, रात्री प्रबंधासाठी खेळते, आणि तिला आम्ही सांगतो की तुझं नशीब चांगलं, आवडीचं काम मिळालं. आवड आहे म्हणून श्रम मोजायचे नाहीत, हा तोच युक्तिवाद झाला की. आवड असणं चांगलंच, मलाही आहे, ती नसती तर हे काम मी केलं नसतं. पण आवडीचा उपयोग कोणीतरी हिशोबातली रक्कम खोडायला करत असेल तर ते थांबवायला हवं, आणि पीएचडीच्या मुलांच्या बाबतीत ते थांबवायची जबाबदारी गाइडची आहे, म्हणजे आमची.

यातून अजून एक गोष्ट होते जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कोणत्या गेम्सवर लिहिलं जाणार हे मग कोणाकडे मोकळ्या रात्री आहेत यावरून ठरायला लागतं. जिच्या घरी लहान मूल आहे, म्हातारे आईवडील आहेत, ती सलग चार तास बसूच शकत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८९ मध्ये नोकरी करणाऱ्या बायकांच्या 'दुसऱ्या पाळी'बद्दल लिहिलं, ऑफिसनंतर घरी सुरू होणारी. ज्या अभ्यासाला तिसरी पाळी लागते तो अभ्यास कोण करू शकणार? गेम्सचे अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१० च्या पुस्तकात दाखवलं की कॅज्युअल, म्हणजे जाता-येता खेळायच्या हलक्याफुलक्या, गेम्सचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे ते मध्येच सोडता येतात, माणसाच्या दिवसात ते बसतात, माणसाला त्यांच्यासाठी दिवस मोकळा करावा लागत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममधला एक दिवस खऱ्या घड्याळात साधारण पंधरा मिनिटांत उरकतो, रात्री दोनला पात्र आपोआप कोसळून झोपतं आणि झोपल्यावरच गेम सेव्ह होतो, म्हणजे उठायची जागा गेमनेच करून ठेवलीये. शिरा चेस यांनी २०१७ मध्ये बायकांसाठी म्हणून बनवल्या जाणाऱ्या गेम्समागे त्यांच्या वेळेबद्दलची कुठली गृहीतकं असतात ते उलगडून दाखवलं. ही सगळी कामं मोलाची आहेत. पण मोठे, लांबलचक, रात्री खाणारे गेम्स म्हणजे 'खरे' गेम्स आणि फोनवरचे तुकड्यातुकड्याने खेळायचे ते किरकोळ, ही उतरंड विषयात अजून जाणवते, आणि मला वाटतं तिच्यामागे गुणवत्तेइतकाच वेळ आहे. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने ज्याला वेळ दिला ते महत्त्वाचं ठरलं. म्हणून तासांचा प्रश्न हा कोणाच्या घरगुती सोयीचा प्रश्न नाही, आपण संस्कृतीचा कोणता भाग नोंदवून ठेवतोय आणि कोणता सोडून देतोय याचा आहे.

आणि हा विषय थांबत पण नाही. ग्रंथालयातलं पुस्तक पुढच्या वर्षीही तिथेच असतं, ऑनलाइन गेमचा सर्व्हर बंद झाला की संपलं. 'सिटी ऑफ हीरोज' ३० नोव्हेंबर २०१२ ला असा बंद झाला, ज्यांना शेवटचे दिवस नोंदवायचे होते त्यांना तेव्हाच हजर राहावं लागलं, त्या आठवड्यात घरी कोणाची परीक्षा असो का कोणी आजारी असो. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये सांगितलं की अमेरिकेत २०१० आधी निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. त्यात रोज लॉगिन केल्याचं बक्षीस, ठराविक आठवड्यांचे सीझन, हे सगळं माणसाला रोज परत बोलवण्यासाठीच रचलेलं असतं, आणि त्याचाच अभ्यास करायचा म्हणजे रोज जावं लागणार. इथे मला एकच उपाय दिसतो, मर्यादा आधी लिहून ठेवायची. हा सीझन, या तारखेपासून या तारखेपर्यंत, दिवसाला इतका वेळ, आणि त्यानंतर जे घडेल ते माझ्या अभ्यासात नाही. फील्डवर्कलाही शेवटची तारीख असतेच ना.

मोजायला लागलो की पाळत सुरू होईल, हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. प्राध्यापकांवर आधीच फॉर्मांचा मारा आहे, आता खेळल्याचे लॉग पण द्यायचे? आणि गेम्सचा लॉग द्यायला सोपा, कन्सोलच सांगतो किती तास खेळलात, उद्या कोणी तो प्रिंट काढून आण म्हणालं तर? ही भीती खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. म्हणून मी हजेरी मागत नाहीये, वाटप मागतेय. कोर्सच्या तयारीला विद्यापीठ काही तास धरतं आणि ते तास तुम्ही कुठे कसे घालवले हे विचारत नाही, तसंच. नव्या गेमवर कोर्स असेल तर तयारीचे तास त्या गेमच्या लांबीप्रमाणे जास्त धरा. संशोधनाचा प्रस्ताव असेल तर त्यात खेळायचा काळ वेगळा दाखवायला जागा द्या. विश्वास ठेवा, जसा प्रयोगशाळेत रात्रभर थांबणाऱ्यावर ठेवता.

दुसरी बाजू आमच्या हातातली आहे आणि तिच्याबद्दल मी कडक आहे. खेळांवर लिहिणारे फ्रेंच विचारवंत रोझे कायवा यांनी १९५८ च्या त्यांच्या पुस्तकात म्हटलंय की पैशासाठी रिंगणात उतरणारा मुष्टियोद्धा किंवा सायकलपटू हा खेळाडू उरत नाही, तो कामगार असतो, आणि त्याला खेळावंसं वाटलं की तो दुसराच काहीतरी खेळ खेळतो. हे मला फार पटतं. गेम्सच्या अभ्यासकाकडे असा एक तरी खेळ हवा ज्यावर तो कधीच काही लिहिणार नाही, वही नाही, स्क्रीनशॉट नाही, हरलो तर हरलो. माझ्या कन्सोलवर दोन प्रोफाइल आहेत, एक कामाचं, एक घरचं, आणि घरच्या प्रोफाइलवर जे खेळलं जातं ते कुठल्याही पेपरात येत नाही. मित्रमंडळी जमली आणि बोर्ड गेम काढला की डोक्यात आपोआप वाक्यं जुळायला लागतात, नियमांबद्दल, कोण कसं वागतंय त्याबद्दल, ही सवय सुटत नाही, पण ती कागदावर न उतरवणं एवढं तरी जमतं.

आणि मुलांबद्दल तर नक्कीच. आपल्याच मुलांच्या खेळण्यावर लिहायचा मोह या विषयात सतत होतो, सामग्री समोर बसलेली असते, रोजची, नैसर्गिक, कुठली परवानगीची पत्रं नाहीत. मला हे अजिबात मान्य नाही. संशोधनात माणसाला नाही म्हणायचा हक्क असतो, आठ वर्षांचं मूल आईला 'माझ्यावर लिहू नकोस' असं खऱ्या अर्थाने म्हणू शकत नाही, त्याला त्याचा अर्थही माहीत नसतो, आणि दहा वर्षांनी ते नाव शोधून वाचेल तेव्हा उशीर झालेला असेल. शिवाय ते आईबरोबर खेळत होतं, संशोधकाबरोबर खेळायला ते बसलंच नव्हतं. ज्या अभ्यासकांवर ते ज्यांच्याबद्दल लिहितात ते खेळाडूच उलटलेले आहेत त्यांना ही सीमा किती लागते हे चांगलं माहितीये. २०१४ च्या गेमरगेटमध्ये, म्हणजे गेम्सच्या जगातल्या बायकांविरुद्धच्या ऑनलाइन छळाच्या मोहिमेत, डिग्रा या अभ्यासकांच्या संघटनेबद्दलही कटाच्या कहाण्या पसरवल्या गेल्या, स्त्रीवादी अभ्यासकांच्या मागे लोक लागले, शिरा चेस आणि एड्रियन शॉ यांनी त्यावर पुढच्याच वर्षी लिहिलं. अशा वेळी घरातली कुठली गोष्ट बाहेर आहे आणि कुठली नाही हा प्रश्न सुरक्षिततेचा होतो.

कोणी म्हणेल की इतके तास खेळणं हेच मुळात तब्येतीला वाईट, ते मोजून अधिकृत कशाला करायचं. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर, म्हणजे खेळण्याचा विकार, नोंदवलाय, १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण लागू आहे, तो आधार लोक देतात. पण ती व्याख्या वाचली तर त्यात तासांचा आकडा नाहीये. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकीच्या आयुष्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि यामुळे घर, शिक्षण, काम यांची मोठी हानी होणं, असं आहे त्यात. म्हणजे मुद्दा ताब्याचा आहे. आणि ताबा ठेवायचा तर काम केव्हा थांबवायचं हे ठरवता यायला हवं, जे रात्री चोरून केलेल्या कामाच्या बाबतीत कधीच ठरत नाही.

विद्यापीठं हे सगळं एकदम करणार नाहीत हे मला माहीत आहे. पण काही गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाही. पीएचडीचा आराखडा करून घेताना गाइडने विद्यार्थ्याला विचारावं की यातला कोणता गेम कोणत्या थरापर्यंत खेळायचाय, त्याला अंदाजे किती तास लागतील, ते तास आठवड्यात नेमके कुठे आहेत, आणि ते दिवसाउजेडी बसत नसतील तर गेम्स कमी करावेत, पाचाऐवजी दोन, माणसाला जास्त ताणू नये. प्रबंधाच्या पद्धती या प्रकरणात खेळलेले तास आणि थर सरळ लिहावेत, परीक्षकांनीही ते विचारावेत. नोकरीच्या मुलाखतीत समितीवर बसलेल्या आमच्यापैकी प्रत्येकाने उमेदवाराच्या यादीत पाच छोट्या गेम्सवरचं काम दिसलं तर त्याला शंभर तासांच्या गेमवरच्या कामाच्या बरोबरीने वाचावं. आणि डिपार्टमेंटच्या पुढच्या बजेटमध्ये खोली, स्क्रीन, कन्सोल यासाठी अर्ज टाकावा, तो नामंजूर झाला तर कारण लेखी मागावं, म्हणजे पुढच्या वर्षी त्या कारणाला उत्तर देता येईल.